हाजीसाहेबांचा मुक्काम

ती शनिवारची सकाळ आठवली की आजही माझे कान तापतात. माझ्या शौर्यकथा पुष्कळ आहेत आणि त्यातल्या निम्म्या खऱ्याही आहेत. ही मात्र फजितीची हकिगत, आणि तीही निवृत्तीनंतरची. तेव्हा अंगावर ना गणवेश होता, ना हाताशी हवालदार. उरली होती फक्त सवय.

निवृत्तीनंतर मी दुबईत लेकीकडे आलो, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक कुटुंब राहायचं. मुलगी इथेच वाढलेली, शाळेत शिक्षिका. नवरा शिपिंग कंपनीत. आणि सत्तरीचे तिचे वडील. हज करून आलेले, एकही नमाज न चुकवणारे, म्हणून सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणत. बायको गेल्यावर त्यांनी जुनी मोटरहोम घेतली होती. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. शुक्रवारी सकाळी निघायचे, रविवारी परत यायचे.

त्या शनिवारी साडेनऊला हाजीसाहेबांची मुलगी आमच्या दारात उभी. हातात इन्शुलिनचा डबा.

"काका, अब्बांचं इन्शुलिन आमच्याच फ्रीजमध्ये राहिलंय. फोन स्विच्ड ऑफ येतोय. लास्ट इयर दीड दिवस चुकलं तर डायरेक्ट आयसीयू!"

"निघाले कधी?"

"काल सकाळी. पोलिसांना कॉल करू का?"

शहाणा माणूस 'लगेच' म्हणाला असता. मी म्हणालो, "एक तास दे मला."

खाली जाऊन वॉचमनला गाठलं. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "साब, कल सुबह हाजीसाब और दामाद का पार्किंग में बहुत गरम हुआ." झालं. मला खबर मिळाली. एवढ्या वर्षांनी खबर मिळाल्यावर माणसाचं काय होतं ते सांगून कळायचं नाही. मी जिना दोन-दोन पायऱ्या चढून आलो आणि वर पोचल्यावर पाच मिनिटं बोलूच शकलो नाही.

तेवढ्यात माझ्या लेकीने माहितीच्या सगळ्या कॅम्पसाइटना फोन लावले होते. तिथे येणाऱ्याचं नाव आणि गाडीचा नंबर लिहून घेतात. हाजीसाहेबांची नोंद एकाही ठिकाणी नव्हती. गेले कित्येक महिने नव्हती. घरी तर ते कॅम्पसाइटचं नाव सांगून जात. मग माणूस जायचा कुठे?

मी हाजीसाहेबांच्या जावयाला आमच्या हॉलमध्ये बोलावलं. त्याला बुटक्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः खिडकीकडे पाठ करून बसलो, म्हणजे उजेड त्याच्या तोंडावर. त्याची बायको शेजारीच उभी होती.

"काल भांडण कशावरून झालं?"

"काही नाही, काका. असंच."

"असंच पार्किंगमध्ये आवाज चढतो?"

तो बायकोकडे बघायचा, मग जमिनीकडे. एसी चालू असूनही कपाळावर घाम. हा माणूस काहीतरी लपवतोय हे मी ओळखलं, आणि त्यात मी चुकलो नव्हतो. तेच तेच चार प्रश्न उलटसुलट विचारले. उत्तर एकच, "मला माहीत नाही." घड्याळात अकरा वाजायला आले होते. माझा एक तास केव्हाच संपला होता, पण मी रंगात आलो होतो.

शेवटी मी टेबलावर हात आपटला. "कुठे टाकलंत त्यांना?"

मुलगी किंचाळलीच. "काका, काय बोलताय तुम्ही!"

जावई उठला. "खलास! आता पोलिसांनाच बोलवा. माझ्यावर कम्प्लेंट करा, काय वाट्टेल ते करा. पण टाइम घालवू नका."

मुलगी रडत वडिलांची औषधांची फाइल आणायला वर धावली. दार लागलं. आणि सव्वा तासात जे निघालं नव्हतं ते एका दमात निघालं.

"काका, अब्बा पबला असतात."

"हाजीसाहेब?"

"पीत नाहीत हो! फुजैराकडे हॉटेलं आहेत ना, पबवाली. मागच्या पार्किंगमध्ये रात्रभर मोटरहोम लावू देतात, आत एकदा जेवलं की झालं. बाथरूम, लाइट, सिक्युरिटी, सगळं असतं. हिला कळू द्यायचं नाही अशी कसम घातलीय मला. काल त्याचंच भांडण. मी म्हटलं, अब्बा, घरी एकदा खरं सांगून टाका."

साक्षीदाराला घरच्या माणसांसमोर काही विचारायचं नाही, हे मी स्वतः नव्या फौजदारांना शिकवत आलो. तो बायकोकडे का बघत होता, हे तिथे मांजर असतं तरी त्याला कळलं असतं.

मी पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या बाईंनी गाडीचा नंबर, रंग, आजार आणि भाग विचारला. मिनिटभरात काम संपलं. जावयाला दोन हॉटेलांची नावं ठाऊक होती. पहिल्याकडे गाडी नव्हती. दुसऱ्याकडे फोनवर मल्याळी गार्ड आला. "व्हाइट मोटरहोम, यस सर. कर्टन क्लोज. आज ब्रेकफास्ट को नहीं आया."

"दरवाजा ठोको!"

फोनमधून ठोकल्याचा आवाज आला. एकदा. तीनदा. मग नुसत्याच मुठी.

"सर, नो आन्सर."

पोलीस आणि अँब्युलन्स आमच्या कितीतरी आधी पोचले. आम्ही डोंगरातल्या रस्त्यावर असताना फोन आला. दार तोडलं, श्वास चालू आहे, हॉस्पिटलला नेलंय. मागच्या सीटवर मुलगी इन्शुलिनचा डबा छातीशी धरून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "पब? अब्बा?"

दुसऱ्या दिवशी हाजीसाहेब बोलू लागले. औषध गाडीतच आहे अशा समजुतीत निघाले होते. ते तिथे नाही हे कळल्यावर, दोन दिवस कमी जेवलं की भागेल, असं त्यांनीच ठरवलं. उलट्या सुरू झाल्या तेव्हा फोन चार्ज करायचंही भान राहिलं नाही.

"पण पब कशाला, अब्बा?" मुलीने विचारलं.

"कॅम्पसाइटवर सगळी आपलीच माणसं, बेटा. प्रत्येक तंबूतून ताट येतं, आणि ताटाबरोबर 'बिचारे, एकटे पडले'. पबमध्ये मी लिंबू-सोडा मागवतो, मासा खातो, खिडकीत बसतो. कुणी ओळखत नाही."

"मला सांगायचं ना."

"तू पण 'बिचारे'च म्हणतेस. इंग्लिशमध्ये."

ती हसली आणि मग रडली. मी बाहेर आलो. जावई कॉफीच्या मशीनपाशी उभा होता.

"सव्वा तास तुम्ही मला खुनी समजत होतात, काका."

"हो. चुकलं माझं."

"निदान स्टूल तरी उंच द्यायचं."

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. घाम फुटलेल्या माणसाने गुन्हाच केलेला असतो असं नाही, कधी तो दुसऱ्याची लाज सांभाळत असतो. आणि हाजीसाहेब कुठे असतील हे मी शोधतच नव्हतो. माझ्या कल्पनेतले हाजी कुठे जातील तेवढंच मी शोधत होतो.

डॉक्टर म्हणाले होते, अजून तासाभराने आणलं असतं तर सांगता आलं नसतं. आमच्या फिर्यादीच्या छापील नमुन्यात एक रकाना असतो, 'विलंबाचे कारण'. नोकरीभर मी लोकांना दटावून तो भरून घेतला. या प्रकरणात फिर्याद लिहायची वेळ आली नाही. आली असती, तर त्या रकान्यात मला माझं नाव हुद्द्यासकट लिहावं लागलं असतं.