अर्धी कच्ची डाळ

अठ्ठावन्न साल होतं, मी तिशीच्या आतला. कच्च्या तुरीचा वास आला की अकोल्यातलं ते कॉलेजचं वसतिगृह अजून आठवते. मी तिथं स्वयंपाकी होतो. मेस तोट्यात होती. बंद पडली तर गरीब पोरं शिक्षण सोडून गावी जाणार. म्हणून नव्या रेक्टर साहेबांनी हुकूम काढला: सरपण निम्मं, आणि ताटात कोणी काही टाकायचं नाही. मला न विचारता माझ्या चुलीची लाकडं कमी केली, हे मला झोंबलं. त्या दिवशी मी मुद्दाम डाळ अर्धी कच्ची उतरवली. "काहून महाराज, डाळ वाढली का छर्रे?" एक पोरगा ओरडला. ताटं सरकली. साहेब धावत आले. मी म्हटलं, "तुमच्या लाकडात इतकंच शिजते. जेवून पाहा." साहेब पाटावर बसले. त्यांच्या दाताखाली कडकड वाजणारी डाळ मला चुलीपाशी ऐकू येत होती. ताट बोटानं पुसून त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांगा महाराज, एवढ्या सरपणात होतच नाही? मग उद्याचं जेवण शेवटचं." पोरं माझ्याकडे पाहत होती. "नाही होत," मी म्हणालो. खोटं बोललो. भिजवलेली डाळ थोड्या जाळावर शिजते, हे मायनं मला कधीच शिकवलं होतं. माफी मागणं मला अजूनही जमत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणी उठायच्या आत, मी डाळ भिजत घातली.