सीडीतली उडी

आमच्या काचेच्या कपाटात खाली पाहुण्यांचे कप आहेत आणि वरच्या खणात एका आयरिश पंक बँडच्या सगळ्या सीडी. असा संग्रह आख्ख्या मुरबाड तालुक्यात फक्त माझ्याकडे आहे असं मी छातीठोकपणे सांगतो. आजवर कोणी खोडून काढलेलं नाही.

हे संगीत ऐकलं नसेल तर सांगतो. तिकडची जुनी लोकगीतं घ्यायची, त्यात बँजो, बासरी आणि पिशवीत हवा भरून वाजवायचं ते वाद्य घालायचं आणि मागे वाघ लागल्यासारखं वाजवत सुटायचं. बँडची पहिली सीडी कोंबड्यांच्या खुराड्यात रेकॉर्ड केल्यासारखी आहे. दुसरी जोरदार. तिसरीच्या वेळी गायकाचा प्रेमभंग झाला असावा. ती मी फक्त कपड्यांना इस्त्री करताना लावतो. पण चौथी म्हणजे राणी! भर गर्दीत, लोकांच्या आरोळ्यांसकट रेकॉर्ड केलेली.

बायको या सगळ्याला ‘तुमची भांडणं’ म्हणते. तिला तो खण हवा होता, माहेरहून आलेल्या काचेच्या बरण्यांसाठी.

परवाच्या उन्हाळ्यात पुतण्याचं लग्न ठरलं आणि थोरल्या भावाने हळदीच्या बेंजोचं, म्हणजे आमच्याकडच्या वाजंत्री पार्टीचं, काम माझ्यावर सोपवलं. आमच्याकडे बेंजोशिवाय हळद लागत नाही. मी लगेच जाहीर केलं, चौथ्या सीडीतली एक धून वाजणार.

“अहो, हळदीला माणसं नाचायला येतात, पळून जायला नाय,” बायको म्हणाली. “एक जरी माणूस बसून राहिलं ना, तर खण माझा.”

“आणि सगळे उठले तर?”

“तर जन्मभर तुमचा.”

बेंजो मास्तर टोकावड्याचा. माझ्या गाडीत बसून त्याने डोळे मिटून धून ऐकली. “दादा, ही आपलीच हाय की! फक्त हळद लावायची राहिलीय.” सीडी घेऊन गेला. बेंजोवाले कागदावर काही लिहून घेत नाहीत. बोटांत उतरेपर्यंत रेकॉर्ड ऐकतात आणि जसं ऐकलं तसं वाजवतात.

त्या सीडीला एक चरा आहे, माळशेजच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांची देणगी. धून ऐन रंगात आली की तिथे अडकते, टिडिक-टिडिक-टिडिक, आणि टुणकन पुढे उडी मारते. माझे कान इतके सरावले होते की मास्तरला सांगायचं सुचलंच नाही.

हळदीच्या संध्याकाळी पुतण्या पाटावर बसला. सवाष्णी एकेक करून हळद लावू लागल्या. बेंजो सुरू झाला, लोक उठले, आणि ती जागा आली. बेंजो, ढोल, ताशा, सगळे एकदम अडकले. टिडिक-टिडिक-टिडिक! आणि सगळ्यांनी मिळून उडी मारली. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा मांडवात नवा नाच जन्माला आला होता. दुसऱ्या फेरीला लोक त्या जागेची वाटच बघत होते. टिडिकला एका पायावर थिजायचं आणि मग सगळ्यांनी एकदम उडी. गुडघेदुखीचा थोरला भाऊसुद्धा खुर्ची सोडून हवेत!

बायको शेवटची सवाष्ण. हळदीची वाटी घेऊन पुतण्यासमोर वाकली आणि माझ्याकडे बघून ओरडली, “एक जण बसलाय!”

“अगं, तो नवरदेव आहे! हळद पुरी होईपर्यंत त्याला उठता येत नाय!”

“बसला तो बसलाच. बरण्या उद्या लावते.”

“काकी, गप लाव ना गो,” पुतण्या म्हणाला. आणि पुढच्या टिडिकला त्याने पाटावरूनच अशी उडी मारली की वाटी उलटली. बायको डोक्यापासून पदरापर्यंत पिवळी. थोरली वहिनी त्याच्यावर खेकसली, “बस खाली, मेल्या!” पण तोवर पिवळी झालेली बायकोही हसत एका पायावर थिजली होती.

खण जन्मभर माझा झाला.

लग्नानंतर पुतण्याने मला त्याच सीडीची नवी कोरी प्रत आणून दिली. मी कौतुकाने लावली. धून त्या जागेवर आली आणि सरळ, गुळगुळीत पुढे निघून गेली.

बायको पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली.

“अहो, ही खराब निघाली. दुकानात परत द्या.”