नेपाळचे शिक्षणमंत्री आणि माझा चैत्र

नेपाळात राजेशाही संपली त्या वर्षी मी न्यू जर्सीत शिकत होते. आमचे प्राध्यापक नेपाळच्या शिक्षणमंत्र्यांवर पुस्तक लिहीत होते. राजाच्या राज्यात शिक्षणमंत्री किती टिकतो आणि आता प्रजासत्ताकात किती टिकेल, हा त्यांचा प्रश्न. त्यांना देवनागरी येत नव्हती. "तुला नेपाळी वाचता येतं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा अक्षरं तेवढी वाचता येतात, असं सांगायला हवं होतं. मी हो म्हणाले. त्या कामामुळेच माझी फी माफ होत होती. काम गेलं असतं तर जानेवारीत घरी परतावं लागलं असतं.

मी वेस्ट विंडसरला एका मराठी काका-काकूंकडे वरच्या खोलीत राहायचे. माझ्या कागदांवर 'शिक्षामन्त्री' वाचून काका म्हणाले, "शिक्षेला स्वतंत्र मंत्री? आमच्या शाळेत हे खातं पीटीचे मास्तर सांभाळायचे."

जुन्या सरकारी कागदांच्या झेरॉक्सवरून मी यादी केली. कोण कधी आला, कधी गेला. तारखा विक्रम संवतातल्या होत्या, पण महिने आपलेच. आमच्या घरात चौथीपुढे कोणी शिकलेलं नव्हतं. आण्णा, माझे वडील, मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचे आणि वाटेत महिने म्हणून घ्यायचे. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. घरून मिळालेलं शिक्षण म्हणावं तर तेवढंच. त्यामुळे चैत्र पहिला धरताना कुठे काही बघावं असं मनातही आलं नाही.

ऑक्टोबरात प्राध्यापकांनी मला बोलावलं. ते खुशीत होते. यादीत राजाच्या काळात बऱ्याचदा जुना मंत्री जाण्याआधी अकरा महिने नव्याची शपथ झालेली दिसत होती.

"राजा एका खुर्चीवर दोन माणसं बसवत होता," ते म्हणाले. "हे तुझ्यामुळे कळलं."

त्यावर त्यांनी एक प्रकरण लिहिलं होतं. शुक्रवारी ते एका परिषदेत वाचणार होते.

मला अभिमान वाटला. तो बुधवारपर्यंत टिकला. बुधवारी नावं तपासताना एका झेरॉक्सच्या मागे तिथल्या वर्षाचं पंचांग निघालं. सगळ्यात वर वैशाख होता. चैत्र सगळ्यात खाली. तिथलं वर्ष वैशाखात सुरू होतं. जुना मंत्री फाल्गुनात गेला होता आणि नवा पुढच्याच महिन्यात, चैत्रात, आला होता. चैत्रातल्या प्रत्येकाला मी एक वर्ष आधी नेऊन बसवलं होतं. खुर्चीवर दोन माणसं कधी नव्हतीच.

मी स्वयंपाकघरात गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"हे बघ," काका म्हणाले, "जानेवारीच्या फीमाफीचं लेटर हातात येऊ दे. मग सांग. नेपाळचा चैत्र इथं कोण चेक करतंय?"

"म्हणजे त्या माणसाला चारचौघांत तोंडघशी पडू द्यायचं?" काकू म्हणाल्या.

"अगं, तो पडेल नाहीतर हिला जावं लागेल."

"तुमचा सल्ला नको हिला. जेव गं तू आधी."

काकांचं ऐकावं असं फार वाटत होतं, खोटं कशाला सांगू. गप्प राहण्याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवून ठेवली.

गुरुवारी सकाळी मी पंचांगाचं पान प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवलं आणि चैत्रावर बोट ठेवून सांगितलं. त्यांनी पेनाच्या टोकाने वरपासून खालपर्यंत महिने मोजले.

"किती ठिकाणी?"

"जिथे जिथे चैत्र आहे तिथे."

त्यांनी बॅगेतून प्रकरणाचे कागद काढले आणि उलटे करून ठेवले. मग शांतपणे विचारलं, "तुला नेपाळी येत नाही, हो ना?"

"अक्षरं येतात, सर."

ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला रडता आलं असतं. जानेवारीपासून हे काम नेपाळी जाणणाऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल, असं ते म्हणाले. तोवर यादी दुरुस्त करून दे.

रविवारी आण्णांना फोन केला.

"काम गेलं, आण्णा. मी चैत्र पहिला धरला."

"मग? चैत्र पहिलाच असतो की."

"हो."

"मीच शिकवलाय तुला. त्यात काय चुकलं?"

"काही नाही, आण्णा," मी म्हणाले. तर ते म्हणाले, "त्या सरांचा नंबर दे बरं. मी सांगतो त्यांना."