गडवाल्या अक्का

अक्का कुणाच्याही घरी गेल्या की चहाआधी पाण्याची टाकी कुठंय ते विचारायच्या. कसबा बावड्यात आम्ही नवा फ्लॅट घेतला, तेव्हा माझ्या या थोरल्या नणंदेनं गॅलरीतून वाकून पाहिलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर सांगून टाकलं, "घर झ्याक हाय. पण वेढा पडला तर टिकायचं न्हाय. पाणी संपलं की गड गेला." सगळ्यात मोठ्यानं माझी लेक सई हसली. मला ते लागलं.

अक्का बँकेत होत्या. लग्न केलं नव्हतं. रविवार उजाडला की एखादा गड गाठायच्या, आणि सई जरा मोठी झाल्यावर तिलाही न्यायला लागल्या. पोर धुळीनं माखून परतायची आणि जेवताना नुसतं आत्या, आत्या. मी तिच्यासाठी लाडू वळले की अर्धे डब्यात जायचे. कुणासाठी, हे विचारायची गरज नसायची.

एकदा हट्टानं मीही पन्हाळ्याला गेले. तीन दरवाजातल्या चौकात उभं राहून अक्का म्हणाल्या, "पहिलं दार फोडून गनीम आत आला, की हितं कोंडला. म्होरं दुसरं दार बंद, आणि..."

"आणि वरनं मारा!" सईनं वाक्य पुरं केलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आई, तू सावलीत बस ना."

उतरताना मी म्हटलं, "अक्का, पोर माझी हाय."

"व्हय की. मी कुठं न्हाय म्हटलं?"

पुढच्या रविवारी त्या एकट्याच गेल्या. सई दिवसभर माझ्याशी बोलली नाही, धड जेवलीही नाही. शेवटी मीच फोन केला, "पोरीला घेऊन जावा." त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. जिंकल्याचा सूरसुद्धा नव्हता. त्यानं तर मी जास्तच जळले.

सई आर्किटेक्चरला असताना अक्का हृदयविकारानं गेल्या. भेटायला आलेली माणसं आधी सईला जवळ घेत होती, पोरीची आई गेल्यासारखी. मी तिथंच, तिच्या शेजारी बसले होते.

आता सई जुन्या तटांच्या दुरुस्तीचं काम करते. परवा चंदगडकडच्या एका गडावर तिला भेटायला गेले. ढासळत्या बुरुजाजवळ गर्दी झाली होती. कमरेवर हात ठेवून ती ओरडली, "पावणं, मागं सरा की!"

नाक माझं, रंग माझा. आवाज थेट अक्कांचा. ती माझी लेक हे कळल्यावर शेजारी उभ्या असलेल्या एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "कुणावर गेलीय हो पोरगी?"

"आत्यावर," मी म्हटलं.