पात्यांचा वेग

पिंपरीला कारखाने नुकते उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या कारखान्याच्या भाजीमळ्यासाठी साहेबांनी परदेशातून बागेचा छोटा ट्रॅक्टर मागवला. मागून त्याचे दांडे धरून चालायचं आणि खाली पाती फिरून माती उकरायची. त्याला दोन खटके होते, एक चाकांच्या वेगाचा, दुसरा पात्यांच्या. मी साताऱ्याकडून आलेला हंगामी कामगार. मळा चांगला आला तर कायम करू, असं साहेब म्हणाले होते.

माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, आणि मला इंग्रजी येतं अशी थाप मी आधीच मारून बसलो होतो. मग वेग पायांनीच ठरवला. जन्मभर बैलांमागे चाललेले पाय, त्यांना तीच चाल बरी वाटली, म्हणून चाकं सगळ्यात हळू ठेवली. पाती मात्र सगळ्यात जोरात, कारण माती मैद्यासारखी पडली की साहेब खूश व्हायचे. एका जागी पाती किती वेळा फिरताहेत, हे डोक्यात आलंच नाही.

मळ्यावरचे म्हातारे माळीबाबा देहूकडच्या खेड्यातले. त्यांनी मूठभर माती बोटांतून गाळून पाहिली.

"लई बारीक झाली, राव. थोडी ढेकळं ऱ्हाऊ द्या. पानी पडलं की बसंल ही."

"बाबा, हे यंत्राचं काम आहे, बैलाचं नाही," मी म्हणालो, आणि वर हसलोही.

बाबा वाफ्याकडे वळले. त्यांच्या बायकोने गाडग्यात राखेत जपलेलं मेथीचं बी ते घरून घेऊन आले होते. ते पेरलं आणि पाणी सोडलं.

आठ दिवस झाले तरी वाफे बोडकेच. माती सुकून वर कडक खपली धरली होती. साहेब पाहायला येणार त्या सकाळी मी लवकर गेलो आणि खपलीचा एक तुकडा नखाने उचलला. खाली मेथी उगवलेली होती. पिवळे कोंब, वर यायला वाट न मिळून वाकडे झालेले. मी खपली परत ठेवली आणि टाचेने दाबली.

साहेबांनी विचारलं, बी कुठलं? "बाबांच्या घरचं," मी म्हणालो. खोटं नव्हतं, म्हणूनच ते अजून टोचतं. माळीबाबांना त्याच आठवड्यात घरी बसवलं. पुढचं बी बाजारातून आलं, पाती मी गुपचूप मंद केली, मेथी तरारली आणि मी कायम झालो.

दीड महिन्याने बाबा फाटकाशी आले. जाब विचारतील म्हणून मी उत्तरं जुळवत बाहेर गेलो. त्यांच्या हातात रिकामी पिशवी होती.

"तुमचं बी झ्याक उगवतंया म्हनं," ते म्हणाले. "आमचं नासलं. बायकू आता गाडग्याला हात लावंना. म्हनती, माझ्याच हातानं तुमची नोकरी गेली. पेरायपुरतं मिळंल का?"

खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण मागे साहेबांचा आवाज आला, आणि मी आत जाऊन पिशवी भरून आणली.