गोळीची वेळ कुणी विचारली नाही

पत्रक लिहायचं एक वळण असतं. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत तो करणारा, तिसऱ्या ओळीत आपली मागणी. कामगारांच्या एका गटासाठी मी गेली तीन वर्षं हेच करते आहे. त्यामुळे अप्पांच्या कागदावर ‘स्मरणशक्ती क्षीण, जबाबदारीच्या कामास अयोग्य’ असं वाचलं, तेव्हा पहिली ओळ जागच्या जागी तयार झाली. दुसऱ्या ओळीत मीही येईन, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. कर्नाटकात कडकोळला कापडछपाईच्या कारखान्यात ते कलर किचन सांभाळतात. छपाईचे रंग जिथे मिसळतात त्या खोलीला तिथे किचनच म्हणतात. कुठल्या छटेत काय किती, सगळं डोक्यात. वही कधी ठेवली नाही. आमच्याकडे आजा-पणजापासून रंगाचंच काम. वही ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरू लागला, पाय अडखळू लागले, पार्किन्सन्स निघाला. मग कारखान्याने दवाखान्याचा कागद मागितला. चांगला आला तर किचन, नाही तर घरी बसा.

तपासणीला नऊची वेळ दिली होती. आत घेतलं सव्वाबाराला. तपासणाऱ्या मुलाने कन्नडमध्ये पाच शब्द सांगितले, मध्ये थोडी आकडेमोड करायला लावली आणि मग शब्द परत विचारले. अप्पांना दोनच आठवले. “तांबडा,” ते म्हणाले. “पूल.” त्याने सांगितलं होतं केंपु आणि सेतुवे, म्हणजे तेच, कन्नडमध्ये. दोन्हींवर फुली. पाचपैकी शून्य.

आमच्या घरात ऐकायचं कन्नडमध्ये आणि ठेवायचं मराठीत. बाजारात, कारखान्यात, बसमध्ये कन्नड. डोक्याच्या आत मात्र तांबडा तो तांबडाच. हे त्या मुलाला माहीत नव्हतं. त्याला मराठी येत नाही हा गुन्हा नाही. न विचारता फुली मारली, हा गुन्हा आहे.

तो कागद घेऊन मी मोठ्या डॉक्टर बाईंकडे घुसले. त्यांनी माझा आवाज चढू दिला, उतरू दिला आणि मग एकच विचारलं, “गोळी किती वाजता घेतली होती?”

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा छताकडे.

“सहाची घेतली,” ते म्हणाले. “दहाची... सुम्ने, उगीच, नाही घेतली.”

“का पण?”

“गोळी चढली की मान डुलते, पुट्टी. परीक्षेला मान डोलवत बसू काय? म्हणतील, हे तर झोकूनच आलेत.”

चारचौघांत नीट दिसावं म्हणून त्यांनी गोळीच टाळली होती. डॉक्टर बाई हसल्या नाहीत. कपाळावर बोट ठेवून त्यांनी समजावलं: मेंदूचा इथला, पुढचा भाग हातातली गोष्ट धरून ठेवतो. कुणी सांगितलेला आकडा, अर्धवट बोललेलं वाक्य, पुढची पायरी. ते धरून ठेवायला तिथे डोपामिन लागतं. या आजारात ते कमी पडतं, आणि गोळी उतरली की आणखी कमी. आठवण पुसलेली नसते. धरणारा हात सैल पडलेला असतो. फेरतपासणी देते, म्हणाल्या, पंधरा दिवसांनी.

मला तेवढंच हवं होतं. घरी येऊन पत्रकाची ओळ लिहिली: ‘डोपामिन कमी, तर स्मृती कमी. डोपामिन वाढवा, माणूस परत मिळवा.’ छान ठोकळेबाज ओळ होती. आणि मी ती स्वतःच्या बापावर लावून पाहिली. रविवारी फेरतपासणीच्या सरावाला बसण्याआधी त्यांना दहाच्या गोळीबरोबर अर्धी जास्त दिली. बाईंना विचारलं नाही. कशाला विचारू, मला कळलं होतं ना!

तासाभरात अप्पांची मान, खांदे, सगळंच नाचायला लागलं. ते भराभर बोलत सुटले, मध्येच उठून स्क्रूचा डबा जमिनीवर ओतला, स्क्रू लावायला बसले, ते सोडून कपाट उघडलं. मी पाच शब्द सांगितले. दुसऱ्या शब्दाला ते म्हणाले, “हां हां, ते जाऊ दे, हा पेचकस कुणाचा?” एकही शब्द धरला नाही.

मी घाबरून बाईंना फोन लावला. त्यांनी मला झाडलं. योग्यच झाडलं. पुढची गोळी कधी द्यायची ते सांगितलं आणि म्हणाल्या, “तिथे डोपामिन कमी पडलं तरी बिघडतं आणि जास्त झालं तरी बिघडतं. मापात लागतं. आणि ते माप तू ठरवायचं नाहीस.”

संध्याकाळी अप्पा शांत झाले तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “हे तर बाइंडर.”

“काय?”

“रंग कापडाला धरून ठेवतो तो बाइंडर; कमी पडला तर पहिल्या धुण्यात रंग गेला. जास्त घातला तर कापड पापडासारखं कडक. नव्या पोराला वाटतं, ओत अजून, पक्का होईल.” माझ्याकडे बघून म्हणाले, “आमच्याकडे असल्या पोराला पहिला महिना बादल्या धुवायला लावतात.”

मी बादली धुतली नाही, पण ती ओळ खोडली.

फेरतपासणीआधी मी अर्ज दिला, रीतसर, पोच घेऊन. दोन मागण्या: ठरलेली गोळी घेतल्यावर तासाने तपासा, आणि उत्तर कन्नड किंवा मराठी, दोन्हीतलं धरा. तपासायला तोच मुलगा होता. अप्पांनी त्याच्यासमोर गोळी घेतली. तासाभरात मान डुलू लागली. बाकावरची माणसं बघत होती. अप्पा बघू देत होते.

या वेळी मला आत बसू दिलं. आकडे उलटे म्हणताना एकदा अडले, डोळे मिटले, पुढे गेले. मग शब्द.

“मीठ. खिडकी. आने... म्हणजे हत्ती. नाही, तू आनेच लिही, तुझ्या सोयीचं.”

मुलगा हसला. “आणि?”

“थांब. घाई करू नको.” मान डुलत होती. “पूल.”

पाचवा आला नाही. पाचवा तांबडा होता. उभा जन्म रंगात गेलेल्या माणसाला तांबडाच आठवू नये! मी दात आवळून बसले होते. पण पाचात चार.

नव्या कागदावर लिहिलंय: औषधाच्या प्रभावाखाली काम करण्यास योग्य. कारखान्याने त्यांना गोळी धरून राहते तेवढे तास किचनमध्ये ठेवलंय, सकाळचे. दुपारनंतर ते घरी. मला ते अपुरं वाटतं, आणि त्यावर माझं भांडण चालू आहे. अप्पांनी मात्र परवा मला वही आणायला सांगितली. मापं सांगतायत, मी लिहून घेते. पहिल्या पानावर तांबड्याचं माप आहे.

पत्रकही छापलं. आता त्यात डोपामिन वाढवा असं कुठे नाही. एकच ओळ आहे, कन्नडमध्ये आणि खाली मराठीत: आमची परीक्षा घेण्याआधी गोळीची वेळ विचारा. उद्या सकाळी मी ते दवाखान्याच्या दारात वाटणार आहे.