एक रेघ आणि खाली सही

"खोडायचं न्हाई. एक रेघ मारायची, खाली सही करायची."

लग्नपत्रिकेतली चूकसुद्धा आमच्या गल्लीतले आण्णा पांढऱ्या शाईने झाकू द्यायचे नाहीत. नोकरीभर त्यांनी नदीची पातळी नोंदवली होती. चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे, हा तिथला नियम.

निवृत्तीनंतर पावसाळ्यात ते गल्लीच्या तोंडाशी फळा टांगत. पुलापाशी किती फूट पाणी आहे, ते जुन्या सहकाऱ्याला फोनवर विचारून खडूने लिहीत. तुम्ही सांगलीत नदीकाठी राहत असाल, तर फूटभर पाण्याची किंमत तुम्हाला सांगायला नको.

एका वर्षी फोनवरचं "चौतीस" त्यांनी "छत्तीस" ऐकलं. छत्तीसला आमच्याकडे पाणी शिरतं. फ्रिज, गाद्या, आजारी माणसं, सगळं माडीवर गेलं. तासाभराने आण्णांनी ३६वर रेघ मारली, शेजारी ३४ लिहिलं, खाली "ऐकण्यात माझी चूक" आणि सही. मग दारोदार जाऊन सांगितलं.

त्या फळ्याचा फोटो गावभर फिरला. शेजारचा दूधवाला रोज विचारी, "काय आण्णा, आज किती फुटांची चूक?"

"दोन फुटांची हुती. तवाच दुरुस्त केली," आण्णा न हसता सांगत.

पुढच्या पुरात त्यांनी लिहिलं, "३७. वाढतंय. दुपारच्या आत निघा." त्याच सकाळी गल्लीच्या ग्रुपवर मी एक आलेला मेसेज पुढे ढकलला : पाणी उतरतंय, घाबरू नका. विजेच्या बिलाचं युनिट न् युनिट मी पडताळतो. हे पडताळलं नाही. माझ्यामागून आणखी दहाजणांनी तो टाकला.

आण्णा पुन्हा दारोदार फिरले. "आवं, या खेपंला दोनदा इचारून लिवलंय."

"मागच्या खेपंला बी लिवलंच हुतं की!" दूधवाला म्हणाला आणि आत गेला.

ज्याच्याखाली कुणाची सही नव्हती, ते आम्हाला खरं वाटलं.

संध्याकाळी बोटी आल्या. दूधवाल्याची आई अंथरुणाला खिळलेली. तिला मिरजेच्या दवाखान्यात पोचवेपर्यंत उशीर झाला होता.

पाणी ओसरल्यावर तो म्हणाला, "आण्णांनी मागं चुकीचं सांगितलं नसतं, तर आमी निघालो असतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझा मेसेज मी तोवर डिलीट केला होता. पहिला कुणी टाकला, ते कुणाच्याच लक्षात नव्हतं.

आण्णांनी फळा उतरवला. ते लेकीकडे वाईला गेले. काही महिन्यांनी मी फोन करून सांगितलं, तो मेसेज पहिल्यांदा मी टाकला होता.

आण्णा म्हणाले, "मला कशाला सांगताय? मी कुठं त्यो वाचून थांबलो हुतो? ज्यांनी वाचला, त्यास्नी सांगा."

आण्णा वारले, त्याला आता वर्ष होईल.

दूधवाला रोज सकाळी दारात येतो. मी पातेलं पुढे करतो.

"किती?" तो विचारतो.

"अर्धा लिटर," एवढंच मी सांगतो.